लठ्ठपणाची शस्त्रक्रिया : भाव विचारण्याआधी माल ओळखा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन "चांगले कापड दाखवा" म्हणाले, तर जाणता दुकानदार लगेच ताका उलगडत नाही. तो अगोदर विचारतो, "कशासाठी हवे?" शेरवानीचे कापड अस्तराला चालत नाही आणि अस्तराचे शेरवानीला चालत नाही. दोन्ही आपापल्या जागी चांगली आहेत. चूक कापडाची नसते, निवडीची असते.

हीच गोष्ट आज एका वेगळ्याच बाबतीत सांगण्याची वेळ आली आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी बांधवांमध्ये वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेची चर्चा फार वाढली आहे. बाजारात दोन माणसे भेटली की विषय निघतो. "अमक्याने ऑपरेशन केले, तीस किलो उतरला." "तमक्याने दुसऱ्या प्रकारचे केले, त्याला पस्तावावे लागले." लगेच पुढचा प्रश्न येतो, "पॅकेज कितीचे?" परंतु कोणते ऑपरेशन कोणत्या माणसासाठी, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही स्वतः या वाटेने गेलो आहोत. म्हणून जे पाहिले, जे डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपल्या बांधवांसमोर ठेवीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. तेव्हा हा मजकूर इलाज समजू नये, मश्वरा समजावा.

आमची हकीकत

तीस वर्षे गादीवर बसून धंदा केला. सकाळी दुकान उघडायचे, दलाल येणार, चहा होणार, दुपारचे जेवण दुकानातच, रात्री उशिरा घरी आणि मग पोटभर जेवण. अंगमेहनत काहीच नाही. २०१० मध्ये मधुमेह निघाला. पुढे इन्सुलिन सुरू झाले. २०२२ साली आमचे वजन १०४ किलो होते आणि उंची १६८ सेंटिमीटर. गोदामाचा जिना चढताना मध्येच थांबावे लागे. नमाजमध्ये सजद्यातून उठताना हाताचा आधार घ्यावा लागे. शिवाय छातीत जळजळ, आंबट पाणी घशाशी येणे हा त्रास अनेक वर्षांचा होता. पण तो आम्ही किरकोळ समजत होतो. उशी उंच करून झोपायचे आणि गोळी घ्यायची, इतकेच.

एका रुग्णालयात गेलो. तेथे दहा मिनिटांत सांगण्यात आले की "स्लीव्ह" ऑपरेशन करून टाका, सोपे आहे, स्वस्त आहे, या महिन्यात सवलतही आहे. छातीतील जळजळीबद्दल कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. बयाणा देण्याच्या तयारीत होतो. घरातून मात्र विरोध झाला. मुलांच्या आईने एकच वाक्य ऐकविले, "दुकानासाठी दहा हजारांचा माल घेताना चार पेढ्या फिरता, आणि आपले पोट कापायला एकाच दुकानात?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या डॉक्टरसाहेबांनी सर्वप्रथम तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासले. त्यात आढळले की जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकला आहे आणि अन्ननलिकेला आम्लाने जखमा झाल्या आहेत. ते म्हणाले, "हाजीसाहेब, तुमच्यासाठी स्लीव्ह योग्य नाही. त्याने ही जळजळ वाढण्याचा धोका आहे. तुम्हाला बायपास बरे." एका तपासणीने निर्णय बदलला. अल्लाहची कृपा की बयाणा दिला नव्हता.

ऑपरेशन कोणासाठी?

प्रत्येक जाड माणसासाठी हे ऑपरेशन नाही. त्याचे एक माप आहे. वजन किलोमध्ये घ्यावे, उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावे आणि त्या आकड्याने वजनाला भागावे. जे येते त्यास बी. एम. आय. म्हणतात. आमचा हिसाब असा : १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२. आणि १०४ भागिले २.८२ म्हणजे सुमारे ३७.

अमेरिकेत १९९१ साली तज्ज्ञांनी ठरविले होते की हा आकडा ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ऑपरेशनचा विचार करावा. परंतु आपल्याकडील माणसाला कमी वजनातही मधुमेह व हृदयविकार जडतो, कारण आपली चरबी पोटाभोवती साठते. म्हणून भारतातील शल्यचिकित्सकांनी हे माप खाली आणले : आजार नसेल तर ३७.५, आजार असेल तर ३२.५. २०२२ साली जागतिक पातळीवरील दोन मोठ्या वैद्यकीय संघटनांनी मिळून माप आणखी खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करता येईल असे सांगितले. याचा अर्थ असा नव्हे की २८ आकडा आला की ऑपरेशनला धावावे. अगोदर आहार, चालणे आणि औषध यांचा प्रामाणिक प्रयत्न झाला पाहिजे.

मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही वजन घटविणारी इंजेक्शने भारतात आली. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ही औषधे अनेकांना गुणकारी ठरतात. परंतु ती बंद केली की गेलेले वजन बरेचसे परत येते, हे ध्यानात ठेवावे. ज्याचे वजन मध्यम जादा आहे, त्याने ऑपरेशनपूर्वी या मार्गाबद्दल डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

प्रकार कोणकोणते?

बाजारात नावे पुष्कळ असली तरी सामान्य माणसापुढे मुख्यतः तीन प्रकार येतात. तिन्ही दुर्बिणीद्वारे, पोटाला लहान छिद्रे पाडून केले जातात.

पहिला, स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लावीत नाहीत. जठराच्या काढलेल्या भागातच भूक लावणारे द्रव्य जास्त तयार होते, म्हणून भूकही मंदावते. ऑपरेशनला वेळ कमी लागतो. मात्र कापलेले परत जोडता येत नाही. आणि नळीतील दाब वाढल्याने आम्ल वर येण्याचा त्रास काहींना नव्याने सुरू होतो, काहींचा वाढतो.

दुसरा, बायपास. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड मेसन या शल्यचिकित्सकाने वजनासाठी बायपास प्रथम केला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. आज जठराच्या वरच्या टोकाला लहान वाटीएवढी पिशवी वेगळी करतात. त्यात सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे मावेल इतकीच जागा असते. लहान आतडे कापून तिला जोडतात आणि खाली दुसरा जोड देतात. अन्न मोठे जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. जठर काढून टाकीत नाहीत, ते आतच राहते. ज्याला जळजळ आहे त्याला यात आराम पडतो, आणि मधुमेहावर परिणाम चांगला आहे. मात्र जोड दोन असल्याने काम किचकट आहे. लोह, बी-१२ आणि कॅल्शियम शरीरात कमी शोषले जाते. गोड जास्त खाल्ले तर घाम, धडधड, चक्कर येते. जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. पुढे कधी आतडे आतल्या आत अडकण्याचाही धोका असतो.

तिसरा, मिनी बायपास. अमेरिकेतील रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ पासून तो सुरू केला आणि आपल्या देशात तो बराच रूढ झाला. जठराची लांब नळी करून आतड्याला एकच जोड देतात. वेळ कमी लागतो, वजन चांगले उतरते. "मिनी" हे नाव मात्र फसवे आहे. आतड्याचा जो भाग टाळला जातो तो लहान नसतो. फ्रान्समधील एका अभ्यासात, जो २०१९ साली प्रसिद्ध झाला, दोन वर्षांनी वजन बायपासइतकेच उतरलेले दिसले. पण जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी मिनी बायपासमध्ये जास्त आढळल्या. पित्त वर येण्याची शक्यताही यात असते.

याशिवाय जठराला रबरी पट्टा बांधण्याची पद्धत एकेकाळी फार चालत होती. अनेकांचे पट्टे पुढे काढावे लागले आणि आज ती पद्धत मागे पडली आहे. पोटात फुगा ठेवतात ते ऑपरेशन नव्हे. तो साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो आणि बऱ्याच जणांचे वजन पुन्हा चढते. आतड्याचा फार मोठा भाग टाळणारी आणखी एक पद्धत आहे. तिने वजन सर्वांत जास्त उतरते, पण कुपोषणही सर्वांत जास्त होते, म्हणून ती मोजक्याच रुग्णांसाठी ठेवतात.

आकडे काय सांगतात?

आपण व्यापारी आकड्यांवर विश्वास ठेवतो. फिनलंडमध्ये २४० आणि स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांना, चिठ्ठी निघेल त्याप्रमाणे, स्लीव्ह किंवा बायपास करण्यात आले. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. फिनलंडमध्ये स्लीव्हवाल्यांचे जादा वजनापैकी सरासरी ४९ टक्के उतरले, बायपासवाल्यांचे ५७ टक्के. म्हणजे ज्याचे योग्य वजन ७० किलो आहे आणि आज ११० आहे, त्याचे जादा वजन ४० किलो. स्लीव्हने सुमारे २० किलो जाईल, बायपासने सुमारे २३. फरक तीन किलोंचा. एवढ्यासाठी भांडण करण्याचे कारण नाही.

खरा फरक दुसरीकडे आहे. स्वित्झर्लंडच्या अभ्यासात ज्यांना आम्ल वर येण्याचा त्रास होता, त्यांच्यापैकी बायपासने शंभरात सुमारे ६० जणांचा गेला, स्लीव्हने फक्त २५ जणांचा. उलट हा त्रास स्लीव्हनंतर शंभरात सुमारे ३२ जणांचा वाढला, बायपासनंतर सुमारे ६ जणांचा. आमचा निर्णय याच आकड्यांवर झाला.

मधुमेहाबाबतही एक भ्रम दूर केला पाहिजे. "ऑपरेशन केले की शुगर कायमची गेली" असे लोक सांगतात. अमेरिकेत १५० मधुमेही रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीन महिन्यांची सरासरी शुगर ६ टक्के किंवा त्याखाली आणण्याचे उद्दिष्ट बायपासने शंभरात २९ जणांनी गाठले, स्लीव्हने २३ जणांनी आणि केवळ औषधांवर राहिलेल्या ५ जणांनी. फायदा मोठा आहे, यात शंका नाही. पण हमी नाही. ज्याचा मधुमेह जुना आहे आणि ज्याला इन्सुलिन लागते, त्याची औषधे कमी होतील, सगळी सुटतीलच असे नाही.

निवड करताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, जळजळ. बरीच वर्षे आम्लाचा त्रास असेल तर एंडोस्कोपी केल्याशिवाय स्लीव्हला होकार देऊ नये.

दुसरी गोष्ट, मधुमेह. तो मोठा आणि जुना असेल तर बायपासकडे झुकते माप द्यावे. तो नसेल किंवा नवा असेल तर स्लीव्हही चांगले काम देते.

तिसरी गोष्ट आपल्या कारागीर बांधवांसाठी फार महत्त्वाची आहे. दिवसभर यंत्रमागावर उभे राहणारे, शिलाई मशीनवर वाकून बसणारे, गाठी उचलणारे अनेक जण कंबर व गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या बायपास किंवा मिनी बायपासनंतर घेतल्यास जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. ज्याला या गोळ्यांवाचून गत्यंतर नाही, त्याने डॉक्टरांना ते आधी सांगावे. अशांसाठी स्लीव्ह अधिक सुरक्षित ठरू शकते. विडी-सिगारेटचेही तसेच. बायपासनंतर धूम्रपान म्हणजे व्रणाला आमंत्रण. तंबाखू-मावाही सोडलेलाच बरा.

चौथी गोष्ट, पुढची निगा. बायपास व मिनी बायपासमध्ये जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. स्लीव्हमध्येही लागतात, पण चूक झाली तर नुकसान तुलनेने सावकाश होते. जो माणूस रक्तदाबाची गोळीही नियमाने घेत नाही, त्याने स्वतःशी प्रामाणिक राहून हा मुद्दा तपासावा. आमच्या ओळखीच्या एका रंगकाम करणाऱ्या बांधवाने मिनी बायपास केले. पहिल्या वर्षी तबियत उत्तम. मग "आता मी बरा आहे" म्हणून गोळ्या बंद केल्या, तपासण्याही बंद. अडीच वर्षांनी पायांना सूज, हातापायांना मुंग्या आणि रक्त इतके कमी की रुग्णालयात रक्त चढवावे लागले. ऑपरेशन चांगले झाले होते, पण माणसाने निगा सोडली.

याउलट यंत्रमागाचा कारखाना चालविणाऱ्या आमच्या एका मित्राने स्लीव्ह केले. त्यांना जळजळ नव्हती, मधुमेह नुकताच निघाला होता, पाठदुखीची गोळी अधूनमधून लागत असे. त्यांच्यासाठी तीच निवड योग्य होती आणि आज ते आनंदात आहेत. त्यांनी आमच्यासारखे बायपास केले असते किंवा आम्ही त्यांच्यासारखे स्लीव्ह केले असते, तर दोघेही अडचणीत आलो असतो.

खर्चाचा खरा हिसाब

आम्ही चौकशी केली तेव्हा खाजगी रुग्णालयांत अडीच लाखांपासून पाच लाखांपर्यंत भाव सांगण्यात आले. शहर, रुग्णालय, खोलीचा वर्ग आणि ऑपरेशनचा प्रकार यांप्रमाणे तो बदलतो. पण पॅकेज ही फक्त पहिली रक्कम आहे. पॅकेजमध्ये स्टेपलचे साहित्य धरले आहे काय? आधीच्या तपासण्या, अतिदक्षता विभागाचा दिवस? आणि काही गुंतागुंत होऊन पुन्हा ऑपरेशन लागले तर तो खर्च कोणाचा? हे लेखी घ्यावे. त्यानंतर दर महिन्याच्या गोळ्या, प्रथिनांची पूड आणि दरवर्षीच्या रक्त तपासण्या हा आयुष्यभराचा खर्च वहीत वेगळा मांडावा. जो हा खर्च पेलू शकत नाही, त्याने केवळ ऑपरेशनपुरते पैसे जमले म्हणून पुढे जाऊ नये.

विम्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. ज्यांच्याकडे आरोग्य विमा आहे त्यांनी एवढे जाणून घ्यावे : विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या आणि २०२० पासून सर्वत्र लागू झालेल्या नियमानुसार, विमाधारक किमान १८ वर्षांचा असेल आणि बी. एम. आय. ४० किंवा अधिक असेल, तर वजनाच्या ऑपरेशनचा खर्च केवळ लठ्ठपणाचे कारण दाखवून वगळता येत नाही. आकडा ३५ किंवा अधिक असेल तर सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार असावा लागतो आणि साधे उपाय करून ते निष्फळ ठरलेले असावे लागतात. येथे एक खाच आहे. डॉक्टर ३२.५ वर ऑपरेशन सुचवू शकतात, पण विम्याचे माप ३५ आहे. मधल्या माणसाला खर्च स्वतः करावा लागू शकतो. पॉलिसीतील प्रतीक्षा काळही पाहावा. आमच्या वेळी कंपनीने आहारोपचाराचा पुरावा मागितला. आहारतज्ज्ञांचे सहा महिन्यांचे कागद आम्ही जपून ठेवले होते, म्हणून काम झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जी. एस. टी. रद्द झाला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

काही ठिकाणी हप्त्याने पैसे भरण्याची सोय दाखवितात. त्यात व्याज कोठे दडले आहे हे नीट पाहावे. व्याजाच्या पैशाने शरीर हलके करून आखिरतचे ओझे वाढविणे हा घाट्याचा सौदा आहे. भाऊबंदांकडून कर्जे-हसना घ्यावे, किंवा थांबून रक्कम जमवावी. हे ऑपरेशन आजच्या आज करावे लागेल अशी वेळ क्वचितच येते.

धंद्याचे दिवसही हिसाबात धरावेत. रुग्णालयात दोन-तीन दिवस, गादीवर परत येण्यास साधारण दोन आठवडे, आणि गाठ किंवा ताक्यांचा गठ्ठा उचलण्यास चार ते सहा आठवडे थांबावे लागते. मजुरीवर असणाऱ्या बांधवाने तेवढ्या दिवसांची रोजी बाजूला ठेवूनच तारीख घ्यावी. आम्ही २०२२ मध्ये बकरी ईद उरकल्यावर, जुलैअखेरीस ऑपरेशन केले. बाजार थंड होता आणि दुकान मुलाने सांभाळले. रमजान किंवा लगीनसराईच्या तोंडावर तारीख घेऊ नये.

रोजा, हलाल आणि औषधे

आपल्या वाचकांना हा प्रश्न सर्वांत आधी पडेल. ऑपरेशननंतर पोटात एका वेळी फार थोडे मावते आणि पाणी दिवसभर घोट घोट प्यावे लागते. म्हणून पहिले काही महिने, आणि अनेक डॉक्टरांच्या मते पहिले वर्षभर, रोजा ठेवू नये. २०२३ चा रमजान ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी आला. आम्हाला मनाई करण्यात आली. तीस वर्षांत प्रथमच रोजे सुटले, मन फार उदास झाले. मौलानासाहेबांनी समजावले की दिव्य कुरआनातील सूरह बकरामध्ये आजारी माणसाला इतर दिवसांत गणती पूर्ण करण्याची सवलत आहे, आणि अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात संकोच नसावा. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या परवानगीने रोजे ठेवले आणि सुटलेले रोजे थंडीच्या लहान दिवसांत पूर्ण केले. अल्हम्दुलिल्लाह.

दुसरा प्रश्न औषधांचा. काही जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते. चघळण्याच्या गोळ्या, साध्या गोळ्या किंवा वनस्पतिजन्य कवच मिळते, ते मागून घ्यावे. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ऑपरेशनच्या वेळी हेपारिन वर्गातील इंजेक्शन देतात, आणि ते सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून बनते. फोंडापॅरिनक्स नावाचे कृत्रिम औषधही असते, पण ते प्रत्येकाला चालेलच असे नाही. हा प्रश्न ऑपरेशनच्या आठवडाभर आधी डॉक्टर आणि मुफ्तीसाहेब दोघांनाही विचारून घ्यावा. आयत्या वेळी स्वतःच्या मनाने इंजेक्शन नाकारू नये. गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो, आणि जीव वाचविण्याच्या गरजेचा विचार शरीअतने केलेला आहे.

तिसरी बाब हेतूची. केवळ सुंदर दिसण्यासाठी निरोगी शरीर कापणे आणि आजारावर इलाज करणे यांत फरक आहे. आपली नियत तपासून घ्यावी.

घरातील स्त्रियांचे काय?

आपल्याकडे पुरुषाच्या इलाजाला पैसे निघतात, स्त्रीचे गुडघे मात्र "वयाने दुखतात" असे समजले जाते. वजनाचा त्रास त्यांनाही आहे आणि माप तेच आहे. ज्या भगिनीला पुढे मूल हवे आहे तिने ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, कारण त्या काळात वजन झपाट्याने उतरत असते आणि बाळाला पोषण कमी पडू शकते. स्त्री डॉक्टर किंवा स्त्री आहारतज्ज्ञ हवी असल्यास संकोच न करता सांगावे.

ऑपरेशननंतरचे दिवस

अनुभवी हातांत या ऑपरेशनमध्ये मृत्यूचे प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. कमी आहे, पण शून्य नाही. जोडातून गळती, रक्तस्राव, गुठळी हे धोके पहिल्या काही दिवसांचे. घरी आल्यावर ताप, नाडीची धडधड, पोटात किंवा खांद्यात वाढती वेदना, धाप असे काही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ, नंतर मऊ, मग साधारण पाच-सहा आठवड्यांनी नेहमीचे अन्न. पण नेहमीचे म्हणजे पूर्वीइतके नव्हे. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. म्हणून ताटात अगोदर मांस, मासे, अंडी किंवा डाळ, आणि भात-रोटी नंतर. जेवताना पाणी नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, घाबरू नये. वजन वेगाने उतरताना पित्ताचे खडे होऊ शकतात. आणि दोन वर्षांनंतर हात सैल सोडला तर वजन पुन्हा चढू लागते.

सर्वांत कठीण वाटते ते दावतीत. यजमान प्रेमाने आग्रह करतो, "एक घास आमच्यासाठी." चार घासांत आपले पोट भरलेले असते. त्याला नाराजी वाटते, आपल्याला अवघडते. आम्ही आता आधीच सांगून ठेवतो. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. ती आम्हाला पन्नाशी ओलांडल्यावर, पोट कापून घेतल्यावर अमलात आणावी लागली, याची खंत वाटते.

सही करण्यापूर्वी

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. संमतीपत्र इंग्रजीत होते. पूर्वीच्या सवयीने आम्ही सही करणार होतो, पण मुलाला बसवून एकेक ओळ वाचून घेतली. प्रत्येकाने तसेच करावे आणि डॉक्टरांना हे प्रश्न विचारावेत : माझ्यासाठी हाच प्रकार का, दुसरा का नाही? एंडोस्कोपी आणि झोपेतील श्वासाची तपासणी झाली काय? आपण या प्रकारची किती ऑपरेशने केली आहेत? रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल? एक वर्षानंतर तपासणी कोण करील? मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून किती कमी होतील? या प्रश्नांनी जो डॉक्टर रागावतो, त्याच्याकडून उठून यावे.

आमचे वजन एका वर्षात ७६ वर आले, सध्या ७९ आहे. इन्सुलिन सुटले, एक गोळी राहिली. जळजळ गेली. सजद्यातून उठताना हात टेकावा लागत नाही. हे सांगण्याचा हेतू कोणी आमची नक्कल करावी हा नाही. आमचे ऑपरेशन आमच्या आजाराला बेतले होते. तुमचे तुमच्या आजाराला बेतलेले असावे, आणि कदाचित तुम्हाला ऑपरेशनची गरजच नसेल.

व्यापारी बांधवांनो, शरीर ही अल्लाहची अमानत आहे. दुसऱ्याचे नफा-तोटा पत्रक पाहून आपण आपल्या पेढीचा निर्णय घेत नाही. आपली वही उघडतो, आपला माल मोजतो, मग पाऊल टाकतो. येथेही तसेच करावे. अल्लाह सर्वांना निरोगी ठेवो आणि योग्य निर्णयाची बुद्धी देवो. आमीन.